ऑनलाइन कॅसिनोतला खेळ कोण बांधतं आणि त्यात काय काय आधीच ठरलेलं असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा धाकटा भाऊ दोन ऑनलाइन कॅसिनोंवर एकच स्लॉट, म्हणजे फिरत्या चिन्हांचा पैशांचा खेळ, खेळतो. एकीकडे चांगलं मिळतं, दुसरीकडे मशीन घट्ट आहे, असं त्याचं ठाम मत आहे. खेळ तर एकाच कंपनीचा. मग फरक कोण करतं, कॅसिनो की खेळ बनवणारा स्टुडिओ? आणि स्टुडिओचं नाव मोठं असलं की खेळ सचोटीचा आहे असं धरून चालावं का?"

मी दहा-बारा वर्षं स्लॉटची गणितं बांधली आणि पुढे बरीच वर्षं इतरांनी बांधलेली गणितं तपासली. त्यामुळे आधी थेट उत्तर देतो. तुमचा भाऊ पडद्यावर जे अनुभवतोय त्यातलं जवळजवळ सगळं स्टुडिओनं ठरवलेलं आहे. कॅसिनोच्या हातात एक मोठी निवड असते आणि नेमकी तीच खेळाडूच्या नजरेआड राहते. "इकडे मिळतं, तिकडे मिळत नाही" ही भावना मात्र बहुतेक वेळा या दोघांपैकी कुणीच निर्माण केलेली नसते. हे नीट समजावून सांगायला थोडा वेळ लागेल.

स्पिनचं बटण दाबलं की फोनवरून निरोप स्टुडिओच्या सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर कॅसिनोला सांगून खात्यातून पैजेची रक्कम वजा करून घेतो, यादृच्छिक आकडा काढतो, त्या आकड्यावरून निकाल ठरवतो आणि मग निकाल फोनकडे पाठवतो. रील, म्हणजे पडद्यावरच्या चिन्हांच्या उभ्या पट्ट्या, फिरायला लागतात तेव्हा डाव संपलेला असतो. फिरणं, थांबणं, शेवटची रील रेंगाळणं हे सगळं आधीच ठरलेल्या निकालाचं सादरीकरण असतं. परवाना असलेल्या कॅसिनोला मधे हात घालून एखाद्या खेळाडूचा डाव बदलता येत नाही, कारण गणित त्याच्या घरात नसतंच. त्याच्याकडे असतं ते खातं, पैसे भरणं-काढणं, ओळखपत्रांची तपासणी, बोनसच्या जाहिराती आणि कोणता खेळ पहिल्या पानावर ठेवायचा याचा निर्णय.

ही विभागणी सुरुवातीला इतकी ठळक नव्हती. १९९४ साली खेळ बनवणारी मायक्रोगेमिंग ही कंपनी उभी राहिली, १९९६ साली स्वीडनमध्ये नेटएंट, १९९९ साली प्लेटेक. त्या काळात कॅसिनो बहुधा एकाच कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर घेत असे, त्यामुळे दोन कॅसिनो एकाच कारखान्यातून आल्यासारखे दिसायचे. आता मधे अॅग्रिगेटर आले आहेत. एका जोडणीतून कितीतरी स्टुडिओंचे हजारो खेळ एकाच यादीत येतात, आणि स्टुडिओला मोबदला मिळतो तो बहुतेक वेळा त्या खेळातून कॅसिनोच्या हाती राहिलेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा म्हणून. म्हणजे खेळाडू जे हरतो त्यात स्टुडिओचाही वाटा असतो. खेळाच्या रचनेत पुढे जे काही दिसतं त्यातलं बरंचसं इथून येतं, म्हणून हे ध्यानात असू द्या.

आता ती न दिसणारी निवड. प्रत्येक स्लॉटला परताव्याची टक्केवारी असते, आम्ही तिला आरटीपी म्हणतो. ९६ टक्के म्हणजे लाखो डावांच्या हिशेबात लावलेल्या दर शंभरातले ९६ परत जातात आणि चार राहतात. बरेच स्टुडिओ एकच खेळ चार-पाच आवृत्त्यांत देतात. एक ९६च्या आसपास, एक ९४, एखादी ९० किंवा त्याहून खाली. चित्रं तीच, संगीत तेच, नाव तेच. बदलतात फक्त रीलवरच्या चिन्हांची वाटणी किंवा त्यांची वजनं. कोणती आवृत्ती लावायची ते कॅसिनो निवडतं. ९६वरून ९४ हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण किंमत चारावरून सहा झालेली असते, म्हणजे दीडपट. एखाद्या वस्तूचा भाव एका रात्रीत दीडपट झाला तर लोक दुकानदाराला जाब विचारतात. इथे भाव वाढल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तो बाहेर कुठे टांगलेला नसतो. खेळाच्या आत, माहितीच्या पानावर, शेवटच्या ओळींमध्ये तो असतो.

तेव्हा भावाच्या दोन कॅसिनोंवर दोन आवृत्त्या असू शकतात. पण त्या फरकाचा त्याला "अनुभव" येतोय हे मी मान्य करणार नाही. एका डावाचा चढउतार, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो ते, पैजेच्या आठपट धरा, आजच्या स्लॉटला ते काही जास्त नाही. मग हजार डाव खेळून झाल्यावरही प्रत्यक्ष परतावा सरासरीपेक्षा पंचवीस टक्क्यांनी वर किंवा खाली असणं अगदी रोजचं आहे. दोन टक्क्यांचा फरक खात्रीनं ओळखायचा तर काही लाख डाव हवेत. माणूस हजार डावांत एकीकडे तरतो, दुसरीकडे बुडतो आणि त्याला कारण चिकटवतो. मशीन घट्ट आहे, वेळ चुकली, काल कुणीतरी मोठं घेऊन गेलं, वगैरे. यातलं काहीही गणितात नाही. डावाला मागच्या डावाची आठवण नसते.

टक्केवारीपेक्षाही खिशाला जास्त जाणवतो तो वेग, आणि वेगाबद्दल कुणी विचारतच नाही. साधा हिशेब करू. दर अडीच सेकंदाला एक डाव म्हणजे तासाला १४४० डाव. प्रत्येक डावाला एक नाणं लावलं आणि परतावा ९६ टक्के असला, तर तासाची अपेक्षित किंमत सुमारे ५८ नाणी. तीच ९४ टक्क्यांची आवृत्ती असेल तर ८६. आणि ९६ टक्क्यांचाच खेळ पाच सेकंदाला एक डाव अशा संथ चालीनं चालला तर २९. म्हणजे वेग निम्मा केला की किंमत निम्मी होते आणि टक्केवारीला हात लावावा लागत नाही. आम्ही हिशेबाच्या वहीत टक्केवारीवर भांडायचो, पण खेळ किती झटपट पुढचा डाव मागतो हे ठरवणारे अॅनिमेशनवाले खिशावर आमच्याहून जास्त परिणाम करत होते. हे मला बरंच उशिरा कळलं.

नियामकांनाही ते उमगलं. ब्रिटनमध्ये ३१ ऑक्टोबर २०२१पासून ऑनलाइन स्लॉटचा डाव अडीच सेकंदांपेक्षा कमी वेळात संपता कामा नये, आपोआप डाव चालू ठेवणारं ऑटोप्लेचं बटण नको, आणि पैजेइतकी किंवा तिच्याहून कमी रक्कम परत आली तर ती जिंकल्यासारखी साजरी करायची नाही, असे नियम आले. जर्मनीनं १ जुलै २०२१पासून आणखी कडक पवित्रा घेतला: डावाला सरासरी पाच सेकंद आणि पैज जास्तीत जास्त एक युरो. ब्रिटननं २०२५मध्ये पैजेवरही मर्यादा आणली, २५ वर्षांपुढच्यांना डावाला पाच पौंड आणि १८ ते २४ वयाच्यांना दोन पौंड. परिणामी स्टुडिओ एकाच खेळाचे देशागणिक वेगळे अवतार तयार करतात. दोन वेगवेगळ्या परवान्यांच्या कॅसिनोंवर तोच खेळ वेगळा "लागतो" याचं एक खरं कारण हेही आहे. एकीकडे तो धावतो, दुसरीकडे चालतो.

पैजेहून कमी परतीचा मुद्दा जरा उलगडतो, कारण माझ्या मते या धंद्यातली सर्वात त्रासदायक गोष्ट तीच आहे. पूर्वीच्या यंत्रात चिन्हं जुळायची एकच ओळ असायची. लागली तर लागली, नाही तर नाही. मग वीस ओळी आल्या. वीस नाणी लावली, दोन ओळींवर मिळून सहा परत आली. चौदा गेली. पण पडद्यावर ओळी चमकतात, नाण्यांचा खणखणाट होतो, आकडा चढत जातो. कान आणि डोळे जिंकल्याचं सांगतात आणि शिल्लक खाली जाते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजमाप करून दाखवलं की अशा वेळी शरीराची प्रतिक्रिया खऱ्या जिंकण्यासारखी असते. आमच्या स्टुडिओत ही ध्वनिरचना ठरत होती त्या बैठकीला मी होतो. कुणीतरी विचारलं, हरलेल्या डावाला असा आवाज का द्यायचा? "नाहीतर खेळ मेल्यासारखा वाटतो," हे उत्तर मिळालं आणि मी गप्प बसलो. मी बोलायला हवं होतं. पुढे तपासणीच्या कामात मी प्रत्येक खेळ एकदा आवाज बंद करून आणि फक्त शिल्लकेच्या आकड्याकडे बघत खेळायचो. तुमच्या भावाला एकदा दहा मिनिटं हे करून पाहायला सांगा. खेळ ओळखू येत नाही इतका बदलतो.

दुसरी गोष्ट "थोडक्यात हुकलं" ही. तीन विशेष चिन्हं आली की बोनस म्हणून फ्री स्पिन, म्हणजे पैज न लावता मिळणारे डाव, मिळतात असं समजा. पहिल्या दोन रीलवर ती आली की तिसरी रील हळू होते, संगीत चढतं, सगळे श्वास रोखतात. ही घटना किती वेळा घडावी हेही गणितातच बसवता येतं. बोनस सरासरी १९२ डावांत एकदा द्यायचा आहे. तिन्ही रीलवर चिन्ह सारख्या प्रमाणात ठेवलं तर पहिल्या दोन रीलवर ते साधारण ३३ डावांत एकदा दिसेल. पण पहिल्या दोन रीलवर शक्यता चारात एक ठेवली आणि शेवटच्या रीलवर बारात एक, तर बोनस तितकाच, १९२त एकदा, आणि श्वास रोखायचा क्षण मात्र १६ डावांत एकदा. दुपटीहून जास्त उत्कंठा झाली आणि परतावा तसूभर बदलला नाही. त्यातल्या बारापैकी अकरा वेळा निराशा ठरलेली. यादृच्छिकतेला कुठेही धक्का लागलेला नसतो, प्रमाणपत्रही मिळतं. चिन्हं पट्टीवर कुठे किती ठेवायची एवढाच निर्णय असतो.

या कसबाचं मूळ इंटरनेटच्या आधीचं आहे. इंगे तेलनेस यांना १९८४ साली अमेरिकेत एक पेटंट मिळालं. त्यात रील कुठे थांबेल हे यादृच्छिक आकड्यावर सोपवलं होतं. त्याआधी प्रत्यक्ष रीलवर बावीस थांबे असले तर तीन रीलचे १०,६४८ संयोग, आणि बक्षीस तेवढ्याच मर्यादेत. आकड्यांची आभासी पट्टी आल्यावर दिसणाऱ्या चिन्हाचा आणि त्याच्या शक्यतेचा संबंध सुटला. रीलवर सोन्याचं चिन्ह एकदा दिसतं म्हणून ते बावीसात एकदा येईल, असं उरलं नाही. आजची सगळी ऑनलाइन रचना या एका फारकतीवर उभी आहे.

मग तीच ९६ टक्के कशी वाटायची, हा स्टुडिओचा स्वभाव असतो. नेटएंटचा २०१२चा स्टारबर्स्ट पाहा. लहान लहान रकमा सारख्या परत देणारा, शांत. त्याउलट ऑस्ट्रेलियाच्या बिग टाइम गेमिंगनं मेगावेज ही रचना आणली. सहा रील, प्रत्येकीवर दर डावाला दोन ते सात चिन्हं, आणि सगळ्या सातांवर आल्या तर सातचा सहावा घात, म्हणजे चिन्हं जुळण्याचे १,१७,६४९ मार्ग. मार्गांचा आकडा एवढा मोठा असला म्हणून मिळकत वाढत नाही, प्रत्येक मार्गाचा दर तितकाच कमी केलेला असतो. पण खेळाचा पोत बदलतो: लांबच लांब कोरडे पट्टे आणि क्वचित मोठी सर. गेल्या काही वर्षांत सगळा बाजार या चढउताराकडे, म्हणजे आमच्या भाषेत जास्त व्होलॅटिलिटीकडे, झुकला आहे. पैजेच्या पाच हजार पट, दहा हजार पट असे आकडे जाहिरातीत मिरवतात. ती रक्कम कुठून येते? त्याच ९६मधून. क्वचितच्या कुणासाठी बाजूला काढलेला भाग बाकीच्या सगळ्यांच्या रोजच्या डावातून वजा झालेला असतो. सामान्य माणसाची सामान्य संध्याकाळ त्यामुळे आणखी कोरडी जाते. वाढत्या जॅकपॉटचं, २००६पासून चालत आलेल्या मेगा मूलासारख्या खेळांचं, तत्त्वही तेच. प्रत्येक पैजेतला छोटा भाग साठ्यात पडतो.

आणि ज्याला तो कोरडा पट्टा सोसवत नाही त्याच्यासाठी "बोनस विकत घ्या" हे बटण आलं. साधारण पैजेच्या शंभर पट मोजा आणि थेट फ्री स्पिनमध्ये जा. दोन तासांचा चढउतार दोन मिनिटांत. ब्रिटनमध्ये हे चालत नाही, इतर अनेक ठिकाणी चालतं. कुणाला ही सवय लागलेली दिसली तर मला खरोखर काळजी वाटते. पैजेचा मूळ आकडा लहान दिसत राहतो आणि प्रत्यक्ष पैज शंभर पटीनं लागते.

कॅमेऱ्यातून थेट दिसणाऱ्या लाइव्ह कॅसिनोत खरी माणसं आणि खरं चक्र असतं म्हणून लोक त्याला जास्त विश्वासानं खेळतात. तिथेही स्टुडिओच असतो. इव्होल्यूशन ही २००६ साली सुरू झालेली कंपनी यात सर्वात मोठी, आणि पुढे तिनं नेटएंट, बिग टाइम गेमिंग हेही विकत घेतले. पत्त्याचं चित्र कॅमेरा वाचतो, चेंडू कुठे पडला ते यंत्र टिपतं, निकाल तत्काळ सर्वांच्या पडद्यावर. गणित मात्र इथेही बांधलेलं असतं. साध्या एका शून्याच्या रूलेटमध्ये एका आकड्यावर लागलं तर ३५ पट मिळतात आणि ३७ घरं असल्यामुळे २.७० टक्के कॅसिनोकडे राहतात. २०१८च्या लाइटनिंग रूलेटमध्ये काही आकड्यांवर वीज पडते आणि ५० ते ५०० पटींची बक्षिसं येतात. त्याचा खर्च भागवायला वीज न पडलेल्या आकड्यावरचा दर ३५वरून २९ पटींवर आणलेला आहे. विजेचा लखलखाट सगळ्यांना दिसतो, सहा पट कमी झाल्याचं माहितीच्या पानावर असतं.

विमान उडतं, आकडा चढतो आणि ते निघून जायच्या आत बाहेर पडायचं, या प्रकारच्या खेळांबद्दल (स्प्राइबचा २०१९चा एव्हिएटर त्यातला सर्वात ओळखीचा) एवढंच सांगतो की "योग्य वेळी बाहेर पडण्याचं कौशल्य" असं काही नसतं. असा खेळ ९७ टक्क्यांवर बांधला असेल तर दुपटीपर्यंत पोचण्याची शक्यता सुमारे ४८.५ टक्के, दहापटीपर्यंत ९.७ टक्के. कुठेही बाहेर पडा, गुणाकार ९७च येतो. त्यावरची "निकाल पडताळून पाहा" ही सोय खरी आहे, निकाल ठरवणाऱ्या गुप्त आकड्याचा ठसा, म्हणजे त्यावरून काढलेली सांकेतिक खूण, आधी जाहीर केलेला असतो. त्यानं निकाल मागाहून बदलला नाही एवढं सिद्ध होतं. किंमत वाजवी आहे का, याबद्दल ती काही सांगत नाही.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग, नावावर विश्वास ठेवावा का. जीएलआय, ई-कोग्रा, आयटेक लॅब्स यांसारख्या प्रयोगशाळा आकडे खरोखर यादृच्छिक आहेत का आणि गणित सांगितल्याप्रमाणे चालतं का हे तपासतात. मी स्वतः ते काम केलं आहे आणि ते काम चोख होतं असं माझं मत आहे. नामांकित स्टुडिओला परवाना गमावणं परवडत नाही, त्यामुळे तो चोरून निकाल फिरवेल अशी शंका मी घेणार नाही. पण आम्ही फक्त खरेखोटेपणा तपासायचो. खेळ माणसाला किती वेळ धरून ठेवतो, हा रकाना आमच्या फॉर्मवर नव्हता. वर सांगितलेल्या सगळ्या युक्त्या पूर्ण प्रामाणिक, प्रमाणित खेळांतल्याच आहेत.

शिवाय नकला असतात. परवाना नसलेल्या ठिकाणी प्रसिद्ध खेळाची चित्रं आणि नाव चोरून, मागे भलताच सर्व्हर लावलेला मी पाहिला आहे. तिथे माझं वरचं एकही विधान लागू होत नाही. कॅसिनोचा परवाना नियामकाच्या स्वतःच्या नोंदवहीत शोधावा, कॅसिनोच्या पानाखालच्या शिक्क्यावर जाऊ नये. खेळाच्या माहितीच्या पानावर परताव्याची टक्केवारीच नसेल, तर मी त्या खेळापासून दूर राहीन.

तुमच्या भावासोबत एकदा बसा. दोन्ही कॅसिनोंवर तो खेळ उघडा, माहितीचं पान शेवटपर्यंत वाचा आणि टक्केवारी शेजारी शेजारी लिहा. मग दोन्ही खात्यांतला खेळाचा इतिहास उघडा. परवानाधारक ठिकाणी तो असतोच. गेल्या तीन महिन्यांत पैसे किती भरले हे बघू नका, एकूण किती रकमेच्या पैजा लावल्या आणि एकूण किती परत आलं हे दोन आकडे काढा. पैजांची बेरीज भरलेल्या पैशांच्या कितीतरी पट निघेल, कारण परत आलेलं पुन्हा पुन्हा लागतं. तो आकडा पाहून तो दचकला आणि तरी रात्री पुन्हा खेळायला बसला, तर पैशाचं बोलणं बाजूला ठेवा आणि स्वतःचं खेळणं स्वतःहून बंद करून घेण्याच्या सोयीबद्दल बोला. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप, स्वीडनमध्ये स्पेलपाउस अशा एकाच अर्जात सगळे परवानाधारक कॅसिनो बंद करणाऱ्या नोंदवह्या आहेत. जिथे तशी नोंदवही नाही तिथे प्रत्येक कॅसिनोच्या खात्यात जाऊन हे वेगवेगळं करावं लागतं. दोन खाती म्हणजे दोनदा, आणि ते करताना तुम्ही त्याच्या शेजारी बसलेले असाल तर बरं.